दिनचर्या, वन्य मार्जार व अन्य सस्तन प्राण्यांची (जुईनगर–ठाणे खाडी परिसर)

पश्चिमेस ठाणे खाडीची तिवरे व पूर्वेस पारसिकची डोंगररांग यांच्या दरम्यान वसलेल्या जुईनगर (नवी मुंबई) परिसरातील आणि खाडीपलीकडील अरण्यातील सस्तन प्राण्यांच्या जागृतीचा व विश्रांतीचा क्रम. दिवाचर, निशाचर व संध्याचर हे तीन वर्ग रूढ असले, तरी मार्जारकुळापुरती ही वाटणी सैलच समजावी. कारण नेत्रातील परावर्तक पटलामुळे अत्यल्प प्रकाशातही शिकार करण्याचे सामर्थ्य या प्राण्यांस लाभले असले, तरी ती रात्रीच करावी असे निसर्गाचे फर्मान नाही.

बिबट्या : खाडीपलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (सुमारे १०४ चौ. किमी.) संशोधक निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेल्या पाहणीत अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून ३५ बिबटे निरनिराळे ओळखता आले. अशा छायाचित्रावर वेळेची नोंद आपोआप होत असल्याने, शिकाऱ्यांच्या आठवणींवर विसंबलेला हा विषय मोजमापाच्या कक्षेत आला, हे या साधनाचे खरे महत्त्व होय. टाकळी ढोकेश्वर (तत्कालीन जि. अहमदनगर) येथे विहिरीतून काढलेल्या व २००९ मध्ये संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी स्थान कळवणारा गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेल्या ‘आजोबा’ या नराने सुमारे १२० किमी. अंतर तोडून मुंबईचे हेच अरण्य गाठले. वाटेत वस्ती, महामार्ग व लोहमार्ग असूनही तो कोणाच्या वाटेस गेला नाही. २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. गळपट्ट्यांच्या नोंदींवरून, रात्री घरांच्या निकट येणारा बिबट्या दिवसा त्यांपासून दूर राहतो, असे दिसते. म्हणून त्याचे निशाचरत्व बऱ्याच अंशी मनुष्याच्या दिनक्रमाने ठरवलेले आहे, असे मानणे सयुक्तिक ठरते. सहा खंडांतील ६२ जातींविषयीच्या संशोधनाचे एकत्र परिशीलन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही मनुष्याच्या सान्निध्यात प्राण्यांचा रात्रीचा वावर १.३६ पट वाढल्याचे आढळले. पारसिकच्या बाजूस बिबट्या दिसल्याच्या वार्तांवरून तेथे त्याचा कायम अधिवास असल्याचे ठरवता येत नाही.

लहान मार्जार : रानमांजर पहाटे व सांजवेळी फिरते, क्वचित भर दिवसाही दिसते. वाघाटी बहुतांशी निशाचर.

कोल्हा : खाडीकाठचा सोनेरी कोल्हा दिवसा तिवरांच्या आश्रयास असतो व झुंजुमुंजू होताना किंवा तिन्हीसांजेस बाहेर पडतो. खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. त्याचा लाभ कोल्ह्यासही मिळतो.

अन्य : उदमांजर, साळिंदर, खवले मांजर निशाचर. मुंगूस, वानर दिवाचर. भेकर सकाळ-संध्याकाळी विशेष सक्रिय.

लोकसमज : दिवसा दिसलेला बिबट्या रोगी किंवा नरभक्षक असलाच पाहिजे, या समजुतीस आधार नाही. केवळ दर्शन झाले म्हणून त्यास जेरबंद करू नये, असे केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.