'वधस्तंभ' आणि 'क्रूस'

मराठीत एकाच वस्तूला दोन नावे आहेत. मराठी बायबलात येशूला 'वधस्तंभावर' खिळतात. वसईच्या गावांत वाटेच्या कडेला पांढरा चुना लावून उभा असतो तो मात्र 'क्रूस'. पहिला शब्द संस्कृतातून जाणीवपूर्वक घडवलेला, दुसरा पोर्तुगिजांबरोबर आलेला. कोकणीत त्याचाच 'खुरीस' झाला. हा भेद प्रोटेस्टंट आणि कॅथलिक परंपरांचा आहे असे सांगून सहसा विषय संपवला जातो. आम्हाला मात्र ह्या प्रतीकाच्या इतिहासातली दोन टोके ह्या दोन शब्दांत दिसतात. 'वधस्तंभ' म्हणताना वध विसरता येत नाही. 'क्रूस' म्हणताना तो सहज विसरला जातो. जाता जाता हेही नोंदवावे की ग्रीक 'स्टाउरोस'चा मूळ अर्थ रोवलेला खांब असाच आहे; म्हणजे आडव्या तुळईचा पत्ता नसला तरी भाषांतरकारांचा शब्द मुळाला धरून आहे.

रोमन जगात ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची आणि जिंकलेल्या मुलखातल्या रयतेची होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० कैद्यांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर खांबांना लटकवण्यात आले. माणूस मारणे एवढाच हेतू असता तर तलवार पुरे होती. येथे हेतू होता तो नग्न, भर रस्त्यात, दिवसेंदिवस मरणाऱ्या माणसाचे लोकांना दर्शन घडवण्याचा. सिसेरोने इ.स.पू. ६३ मधल्या एका खटल्यात असे प्रतिपादन केले की ह्या वस्तूचे नुसते नावसुद्धा रोमन नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून, विचारांपासून दूर असले पाहिजे. यहुदी श्रोत्यांपुढे अडचण वेगळी होती. 'अनुवाद' ह्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायानुसार झाडाला टांगलेला मनुष्य देवाने शापिलेला ठरतो. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा त्याला हे दोन्ही ठाऊक आहे. यहुद्यांना हा अडथळा वाटेल, ग्रीकांना मूर्खपणा वाटेल, असे तो स्वतःच म्हणतो आणि तरीही तीच गोष्ट पुढे ठेवतो. लाज लपवावी असे त्याला वाटत नाही. त्याच्या युक्तिवादाचा सारा जोरच त्या लाजेवर आहे.

इतरांना ही गोष्ट कशी दिसत होती, ह्याचा एक पुरावा रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये सापडला. भिंतीच्या गिलाव्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने चित्र कोरले आहे : खांबावर एक माणूस, त्याला डोके गाढवाचे, आणि समोर हात उचलून उभा असलेला एक तरुण. खाली ओबडधोबड ग्रीकमध्ये लिहिले आहे, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. चित्र साधारणतः इ.स. २००च्या आसपासचे मानतात. क्रुसावरील ख्रिस्ताच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते भक्ताने काढलेले नाही. कोणा टवाळखोराने सोबत्याची थट्टा करण्यासाठी काढलेले आहे.

मग भक्तांची चित्रे कोठे आहेत? रोमच्या भुयारी दफनस्थानांत मासा आहे, नांगर आहे, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. क्रूस जवळजवळ नाही. छळाच्या भीतीने तो लपवला, हे नेहमीचे उत्तर आम्हाला अपुरे वाटते. ज्या रस्त्यावर माणसे अजून खांबाला टांगली जात होती, त्या रस्त्यावरून घरी येणाऱ्याने तेच चित्र भिंतीवर कशाला काढावे? पण क्रूस नव्हता असेही नाही. तर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या आरंभी सांगतो की ख्रिस्ती माणसे घरात येता-जाता, जेवताना, निजताना कपाळावर ही खूण करतात. ती हवेत काढलेली, मागे काही न ठेवणारी खूण होती. आणि त्याच सुमाराच्या काही हस्तलिखितांत 'स्टाउरोस' शब्द लिहिताना नकलनवीस 'टाउ' आणि 'र्‍हो' ही अक्षरे एकमेकांवर चढवतात, तेव्हा आडव्या दांडीवर डोके टेकलेल्या माणसाचा भास होतो. ख्रिस्ती हातांनी काढलेले क्रुसाचे पहिले चित्र अक्षरातच आहे, असे काही अभ्यासक मानतात. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या शक्यतेपाशी थोडे थांबावे.

इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने लढाई जिंकली. लॅक्टँशियस स्वप्नाची आणि ढालींवरच्या चिन्हाची हकीकत सांगतो; युसेबियस आकाशातल्या तेजस्वी क्रुसाची. दोन्ही हकीकतींत फरक आहे, पण दोन्हींत चिन्ह सैन्याच्या हाती जाते. पुढचे इतिहासकार सांगतात की ही शिक्षाही त्यानेच बंद केली. ती दिसेनाशी झाल्यावर शंभरएक वर्षांनी, इ.स. ४३०च्या सुमारास, रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर दोन चोरांमधला ख्रिस्त कोरला गेला. त्याचे डोळे उघडे आहेत. ते मिटायला आणखी पाच शतके जावी लागली. कोलोनच्या कॅथीड्रलमधल्या दहाव्या शतकातील 'गेरो क्रुसा'वर लटकतो तो खराखुरा मृत माणूस आहे. १५१२ ते १५१६ च्या दरम्यान ग्रुनेवाल्डने इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेल्या ख्रिस्ताची तर कातडीही फोडांनी भरली आहे. त्या मठात विषारी धान्यामुळे होणाऱ्या रोगाने अंग जळणारे रुग्ण ठेवत. चित्रकाराने वध परत आणला, तो त्यांच्यासाठी.

आपल्या किनाऱ्यावर क्रूस आला तो मात्र कॉन्स्टंटाइनचा वारसा घेऊन. १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्या मुलखातली देवळे त्याआधी पाडली गेली होती. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावून पोर्तुगिजांनी मारले. जेझुइटांच्या हत्येची हकीकत भावाला पत्रातून कळवणारा इंग्रज पाद्री म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. तेहेतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला त्याचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. त्यात साष्टीच्याच नव्या ख्रिस्ती माणसांना तो मराठी ओवीतून एका खेडवळ सुताराची कथा सांगतो, ज्याला परक्या साम्राज्याच्या सुभेदाराने वधस्तंभावर चढवले होते.