गुळव्याची नजर आणि यंत्र

कोल्हापूरहून गारगोटीच्या वाटेला लागलं की कळंबा येतं. ऊस तोडणीच्या दिवसांत करवीर भागातल्या गुऱ्हाळांवरून उकळत्या रसाचा वास येतो. या गुऱ्हाळातली कोणती कामे यंत्राने घेतली आणि कोणती माणसाच्या हाती राहिली?

पहिली पाळी आली बैल हाकणाऱ्यावर. पूर्वी चरक लाकडी होता, मग लोखंडी आला. 1910 साली सुरू झालेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही असे चरक केले. तरी बैल तेच आणि त्यांच्यामागे फेऱ्या घालणारा पोरगाही तोच. पुढे तेलाचे इंजिन आले, मागाहून विजेची मोटार. बैल सुटले, पोरगाही सुटला. पोरगा कष्टाळू होता, सांगितलेले ऐकणारा होता. पण इंजिन त्याच्याहून ऐकणारे निघाले!

गुळव्याचे तसे झाले नाही. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढायची. जाळ कमी करायचा की वाढवायचा, हे चुलाणावरच्या गड्याला ओरडून सांगायचे. शेवटी पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळून पाहायची. उशीर झाला तर रंग काळवंडतो, घाई केली तर ढेप धरत नाही. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत त्या घटकेला त्याच्या हाती असते. म्हणून गुळव्या सावध हवा, चित्त न ढळणारा हवा. (सगळेच तसे असतात असे नव्हे, तापट गुळवेही पुष्कळ.)

तुम्ही म्हणाल, थर्मामीटर लावा की! लावतात. पाक सुमारे 118 अंशांवर उतरतो. पण खारवट जमिनीचा ऊस वेगळा, कोवळा वेगळा, जून वेगळा. आकडा एकच असला तरी पाक एकसारखा नसतो. 2013 साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बर्न यांनी कोणत्या नोकऱ्या संगणकाच्या तावडीत सापडतील याचा हिशेब मांडला. हाताची आणि नजरेची बारीक समज लागणारी कामे यंत्राला अवघड जातात, असे त्यांनीही धरले होते.

2014 साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र गुळव्याचे काम हंगामापुरते, तेही धगीत, रात्री-अपरात्री. पलीकडे गोकुळ शिरगावच्या वसाहतीत बारमाही पगार मिळतो. मग काहिलीच्या कडेला हंगामामागून हंगाम उभे राहून ती गोळी वळायला कोणता पोरगा शिकेल?