मोजमाप पुस्तकापासून तीन दाखल्यांपर्यंत

बांधकामासाठी मंजूर झालेले कर्ज एकरकमी हाती पडत नाही. काम जसजसे वर चढते तसतसा हप्ता सुटतो, आणि त्यापूर्वी मागितलेली रक्कम व प्रत्यक्ष उभे राहिलेले काम यांचा मेळ घालावा लागतो. या तपासणीची भारतातील घडी गृहकर्जांच्या फार आधी सरकारी कामांवर बसली. गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले आणि त्याच्या नियमांत ‘मोजमाप पुस्तक’, म्हणजे खात्याच्या बोलीतले ‘एम.बी.’, ठेकेदाराच्या देयकाचा आधार ठरले. त्याची पाने आधीच क्रमांकित असत. चुकलेली नोंद खोडून न काढता तिच्यावर रेघ मारून सही करावी लागे. मातीखाली जाणारा पाया बुजवण्यापूर्वीच मोजला जाई. आणि देयक तयार झाले की तेच काम पुन्हा दुसऱ्या देयकात शिरू नये म्हणून त्या पानांवर तांबड्या शाईची तिरपी रेघ ओढली जाई. ‘चालू देयका’त, म्हणजे काम सुरू असताना दिल्या जाणाऱ्या देयकात, आजवरच्या एकूण कामाची किंमत काढून आधी दिलेली रक्कम वजा होई, त्यामुळे मागची चूक पुढे सुधारता येई.

एचडीएफसी या गृहवित्त कंपनीच्या स्थापनेनंतर (१९७७) गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले, आणि सदनिकांच्या बाबतीत मोजमापाची जागा टप्प्याने घेतली: जोते, स्लॅब, गिलावा. टप्पा तपासायला सोपा, पण मापाइतका काटेकोर नव्हे. महाराष्ट्रातील रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या, नियमांतील नमुना करारातही जोते पूर्ण होताच किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. जमिनीची किंमत त्यात धरली तरी पैसा विटांच्या पुढे धावतो, हे उघड आहे. काही योजनांत तर संपूर्ण कर्ज आरंभीच बिल्डरला दिले जाई, म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्यास बजावले.

२०१६च्या रेरा कायद्याने तपासणी बिल्डरच्या खात्यापर्यंत नेली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून, कामाच्या प्रमाणातच आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल या तिघांच्या दाखल्यांवर ती काढता येते. हे तिघेही बहुधा बिल्डरनेच, म्हणजे पैसे घेणाऱ्याने, नेमलेले असतात; उलट एम.बी.त मोजणारा पैसे देणाऱ्याचा माणूस असे.