घर आपले, जमीन कोणाची?

सदनिकेचा करारनामा नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले, सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि भाग दाखला हाती आला, की घर पूर्णपणे आपल्या मालकीचे झाले, असा बहुतेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन अनेक संस्थांच्या बाबतीत मिळकत पत्रिकेवर मूळ जमीनमालकाच्या अथवा विकासकाच्याच नावे राहिलेली असते. एरवी ही उणीव जाणवत नाही. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाचा विषय निघाला, की ती समोर येते. शिल्लक चटईक्षेत्रावर हक्क कोणाचा, हा प्रश्न जमिनीच्या मालकीशी निगडित असल्याने संस्थेला पुन्हा त्याच विकासकाचे दार ठोठवावे लागते.

कायद्यातील तरतूद

महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३, म्हणजेच ‘मोफा’, याच्या कलम ११ नुसार जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. करारनाम्यात मुदत ठरलेली नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत ते पूर्ण करावयाचे असते. त्यात कसूर करणे हा कलम १३ खाली शिक्षापात्र गुन्हाही आहे. तरीही ही तरतूद दीर्घकाळ बव्हंशी कागदावरच राहिली. काही ठिकाणी विकासकाचा ठावठिकाणा लागेना, काही ठिकाणी मूळ मालकाच्या वारसांत वाद निर्माण झाले, तर काही ठिकाणी वाढीव बांधकामाच्या आशेने दस्त मुद्दाम लांबवला गेला.

मानीव अभिहस्तांतरण

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद आली आणि २०१० मध्ये नियमांत सुधारणा करून तिची कार्यपद्धती निश्चित करण्यात आली. त्यानुसार संस्थेने सक्षम प्राधिकारी, म्हणजे सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक, यांच्याकडे नमुना ७ मध्ये अर्ज करावयाचा असतो. विकासक व जमीनमालक यांना नोटीस देऊन सुनावणी घेतली जाते. ते गैरहजर राहिले, तरी प्रकरण थांबत नाही. सहा महिन्यांच्या आत निर्णय देणे कायद्याने अपेक्षित आहे. आदेश व प्रमाणपत्र मिळाल्यावर दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णीत करून घ्यावा लागतो व त्यानंतर दुय्यम निबंधकांकडे त्याची नोंदणी होते. विकासकाच्या स्वाक्षरीवाचून नोंदणी होत असल्याने यास एकतर्फी अभिहस्तांतरण असेही म्हणतात.

आवश्यक कागदपत्रे

- संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र व सर्वसाधारण सभेचा ठराव
- सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका
- सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याची प्रत
- सभासदांची यादी व सूची क्रमांक २ चे उतारे
- मंजूर नकाशा व वास्तुविशारदाचे क्षेत्रफळाबाबतचे प्रमाणपत्र

एकाच भूखंडावर अनेक इमारती असल्यास प्रत्येक संस्थेच्या वाट्याचे क्षेत्र काढावे लागते. अशा वेळी वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्राला विशेष महत्त्व येते. भोगवटा प्रमाणपत्र नाही, एवढ्याच कारणाने संस्थेने अर्ज करण्याचे टाळू नये.

नोंदणी न झालेले करारनामे

जुन्या इमारतींत काही सभासदांचे करारनामे नोंदवलेलेच नसतात. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्त निष्पादनापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करावा लागतो; दंड भरून आणखी चार महिन्यांची सवलत मिळू शकते. ती मुदतही उलटली असेल, तर दोन्ही पक्षांनी नव्याने पुष्टीकरणाचा दस्त (डीड ऑफ कन्फर्मेशन) करून, त्यास मूळ करारनामा जोडून नोंदणी करण्याचा मार्ग अवलंबिला जातो. मुद्रांक शुल्क कमी भरले असल्यास फरकाची रक्कम व तीवर दरमहा २ टक्के दंड आकारला जातो. विक्रेता हयात व उपलब्ध असतानाच हे काम उरकणे हिताचे ठरते. संस्थेने अर्जापूर्वीच अशा सभासदांची यादी करून त्रुटी दूर कराव्यात.

आदेशानंतर काय?

दस्ताची नोंदणी झाली म्हणजे काम संपले, असे मानून अनेक संस्था येथेच थांबतात. वस्तुतः नगर भूमापन अथवा तलाठी कार्यालयात अर्ज करून फेरफार नोंदवून घेणे आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लागले की नाही, हे पाहणे तितकेच आवश्यक असते. अभिलेखात जुनेच नाव राहिल्यास पुढील व्यवहारांत अडथळे येतात.

या उपायाला मर्यादाही आहे. सक्षम प्राधिकारी मालकी हक्काच्या वादाचा अंतिम निवाडा करीत नाही. तसा गंभीर वाद असल्यास दिवाणी न्यायालयाचा मार्ग संबंधितांना खुला राहतो. म्हणूनच इमारत सुस्थितीत असताना, पहिले सभासद व त्यांची कागदपत्रे उपलब्ध असताना हा विषय सर्वसाधारण सभेपुढे घेणे इष्ट. इमारत धोकादायक ठरल्याची नोटीस हाती पडल्यानंतर सभासदांना घर रिकामे करण्याची घाई असते आणि तेव्हा वाटाघाटींत संस्थेची बाजू सर्वाधिक दुबळी असते.