लेकरांना पहिल्यांदा प्रदर्शनी दाखवताना

घरातली कामं आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आज थोडं इतिहासात जाऊ. इतिहास राजा-महाराजांचा नाही, आपल्याच जत्रा-प्रदर्शनीचा आहे.

सुरुवात घरातल्या गोष्टीपासून करते. मागच्या साली मी माझ्या दोन्ही लेकरांना पहिल्यांदा शेतीची प्रदर्शनी दाखवायला नेलं. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्याशा लेकरांना काय कळतंय तिथलं? पाळण्यात बसवा, गोडीशेव घ्या अन् या माघारी." मी विचारलं, "आत्याबाई, तुम्ही कधी शेतीच्या मांडवात गेला होता का?" त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "मी कशाला जाऊ? दसऱ्याला हिंगोलीला कितीकदा गेले. बांगड्या भरल्या, रावण बघितला. औताचा मांडव गड्यांचा असतोय."

आत्याबाईंनी सारी उमर निंदणी-खुरपणी केली, कापूस वेचला, ज्वारीचं बी राखेत घोळून ठेवलं. तरी त्यांना शेतीचा मांडव आपला वाटला नाही. हे असं का झालं, त्याचा शोध घेता घेता मला पुढच्या गोष्टी सापडल्या.

आपल्याकडे शेतीच्या प्रदर्शनीची आई म्हणजे जत्रा. औंढ्याला महाशिवरात्रीला नागनाथाची यात्रा भरते, हे तुम्हाला सांगायला नको. जनावरांसाठी मराठवाड्यात सगळ्यात नावाजलेली यात्रा म्हणजे नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची. ती मार्गशीर्षात भरते, कारण तेव्हा खरिपाचं पीक घरात आलेलं असतं, हातात दोन पैसे असतात, आणि पुढच्या हंगामासाठी बैल बदलायचा की ठेवायचा हे ठरवायची तीच वेळ असते. देवदर्शन, बाजार आणि शेतीचा हिशोब एकाच ठिकाणी होतो. घोडे, गाढवं, उंट, गाई-बैल असे सगळेच तिथं येतात. आता जिल्हा परिषद तिथं पशुप्रदर्शन आणि कृषी प्रदर्शनही भरवते.

या जत्रेत बायका नव्हत्या असं नाही. बैलगाडीत लेकरं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन बाया निघायच्या. पण जत्रेत गेल्यावर वाटा फुटायच्या. बाया नवसाकडे आणि बांगड्यांकडे जायच्या, गडी बैलबाजाराकडे. तिथला सौदा तर उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी व्हायचा. किंमत शेजारच्या माणसाला कळायची नाही, मग बाईला कुठून कळणार? लेकरांचीही अशीच वाटणी झाली. जरा मोठा पोरगा बापाच्या मागं बैलबाजारात फिरायचा. बैलाचा ओठ वर करून दात कसे बघायचे, ते तो तिथंच शिकायचा: दुधाचे दात असलेला आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. ही त्याची पहिली शाळा. पोरगी मात्र आईचा पदर धरून बांगड्यांच्या दुकानापुढं उभी असायची.

आता आपल्या हिंगोलीकडे येऊ. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. 1903 मध्ये ती फौज इंग्रजांच्या सैन्यात मिळवली गेली. त्याच्याही आधीपासून, म्हणजे दीडशेपेक्षा जास्त वर्षं, इथं खाकीबाबा मठाच्या परंपरेतून दसरा महोत्सव साजरा होतो. रामलीला मैदानावर रामलीला आणि रावणदहन होतं, आणि त्याच्या जोडीला कृषी व औद्योगिक प्रदर्शनी भरते. खेड्यापाड्यातले लोक नवीन औत, नवीन बी, नवीन यंत्र बघायला यायचे, आजही येतात. पण दसऱ्याचे दिवस म्हणजे सुगीचे दिवस. आता तर नेमकी सोयाबीनची काढणी चाललेली असते. घरातल्या कर्त्या बाईला अख्खा दिवस मोकळा मिळतो कुठं? मिळाला तरी अर्धा दिवस लेकरांना सांभाळण्यात जातो.

जत्रा आणि प्रदर्शनी यांत फरक काय? जत्रेत माल विकायला आणतात, प्रदर्शनीत दाखवायला आणि शिकवायला मांडतात. शेतकऱ्यासाठी अशी प्रदर्शनं व्हावीत, हे आपल्या महाराष्ट्रात फार आधी ज्यांनी सांगितलं, त्यांत महात्मा जोतीराव फुले आहेत. 1883 साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेतकऱ्याचं दुःख तर सांगितलंच, उपायही सांगितले. सरकारने दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, असं त्यांनी सुचवलं होतं. शेतकऱ्याच्या लेकरांना शिक्षण मिळावं हा तर त्यांचा ध्यासच होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि 17 सप्टेंबर 1948 ला मुक्त झाला. त्यामुळे शाळा काय आणि शेतकी शिक्षण काय, आपल्याकडे उशिराच आलं.

स्वातंत्र्यानंतर देशाचे कृषिमंत्री झाले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी 1898 साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा 1952 ते 1962 या काळात ते खातं सांभाळत होता. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज उभा केला, आणि या समाजाच्या पुढाकाराने 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्यासाठी आले होते. जगातल्या देशांनी आपापली शेती तिथं मांडली. फुल्यांनी मागितलेली गोष्ट पाऊणशे वर्षांनी राजधानीत एवढी मोठी झाली.

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्रदर्शनं तालुक्या-जिल्ह्यापर्यंत पोचू लागली. 18 मे 1972 ला परभणीला कृषी विद्यापीठ झालं. तेव्हा आपली हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. आपला वेगळा जिल्हा 1 मे 1999 ला झाला. आज या विद्यापीठाला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. तिथं 18 मे च्या सुमारास खरिपाचा शेतकरी मेळावा होतो, 17 सप्टेंबरच्या सुमारास रब्बीचा. आणि 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त, महिला शेतकरी मेळावा भरवायची प्रथा आहे. बायकांच्या कामातले कष्ट कमी करणारी साधनं या विद्यापीठात शोधली जातात, तीही बघायला मिळतात.

पण मांडव उघडला म्हणून बाई लगेच आत गेली, असं झालं नाही. आधी तिला स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यावं लागलं. 1986 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. शरद जोशींच्या हाकेवर खेड्यापाड्यातून प्रचंड संख्येनं बाया तिथं जमल्या. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, म्हणजे नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. अनेक गावांत तो झाला. 1994 साली महाराष्ट्राने कायदा करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि 2005 साली तो हक्क देशभर आला. संयुक्त राष्ट्रांनी तर 2026 हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. इतकी मोठी वाट चालून बाई मांडवाच्या दारापर्यंत आली.

आता माझ्या लेकरांकडे परत येते.

आम्ही सकाळीच गेलो. धाकटा ट्रॅक्टरपुढून हलेना. थोरली गाई-बैलांपाशी रमली. तिथल्या एका आजोबांनी तिला लाल कंधारी दाखवला, सगळं अंग लालबुंद. मग देवणी दाखवून म्हणाले, "बाळा, देवणीत तीन रंग असतेत. पांढरं अंग अन् तोंडाची बाजू काळी, तो वानेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेले, तो शेवरा. वरून पांढराफेक अन् खाली पोटाकडं ठिपके, तो बालंक्या." पोरीनं तिन्ही नावं पाठ केली आणि दिवसभर घोकत राहिली. पूर्वी बापामागं फिरणाऱ्या पोराला जे मिळायचं, ते त्या दिवशी माझ्या पोरीला मिळालं.

मग आम्ही बियाण्याच्या एका दुकानात गेलो. तिथल्या पोराने वही पुढं केली आणि विचारलं, "शेतकऱ्याचं नाव सांगा." मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मालकाचं सांगा ना, ताई." आणि मी, बायांनो, सवयीनं मालकांचं नाव सांगून टाकलं. त्याने ते लिहिलं. आम्ही चार पावलं पुढं गेलो तोच थोरलीने विचारलं, "आई, तू शेतकरी नाहीस का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पहाटे उठून हळद काढायला जाते ती मीच, बी निवडते मी, बैलाला पाणी दाखवते मी. आणि लेकरासमोर माझ्याच तोंडानं मी ते पुसून टाकलं. त्या पोराचा तरी दोष किती म्हणावा? त्यालाही तसंच शिकवलेलं. आत्याबाईंनी मांडवात पाऊल टाकलं नाही. मी टाकलं, पण नाव बाहेरच ठेवून आले.

मी माघारी फिरले. पोरीचा हात धरून म्हणाले, "दादा, खाली अजून एक नाव लिहा. माझं." त्याने मुकाट्यानं लिहिलं. एवढ्यानं सातबारा बदलला नाही, हे मलाही कळतं. पण सात वर्षांच्या लेकरानं आपल्या आईचं नाव शेतकऱ्यांच्या वहीत चढताना बघितलं. ते तिच्या ध्यानात राहील.

म्हणून म्हणते, लेकरांना न्या, आणि लहानपणीच न्या. मोठं झाल्यावर लेकरू यंत्राची किंमत बघतं. लहानपणी ते कोण बोलतंय, कोण ऐकतंय, कुणाला विचारतात, हे बघतं. मांडवात आई प्रश्न विचारताना दिसली, तर शेती आईचीही आहे हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

नेताना मात्र थोडी काळजी घ्या. गर्दी वाढायच्या आत, सकाळीच जा. लेकराच्या खिशात नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, ती जागा आत शिरतानाच दाखवून ठेवा. जनावराच्या मागं आणि चालू यंत्राजवळ लेकराला उभं करू नका. पाणी आणि भाकरी घरून न्या. सगळे मांडव बघायचा हट्ट धरू नका. लहान लेकराला दोन-तीन गोष्टी पुरतात. आणि पाळण्यात जरूर बसवा, तोही त्यांचा हक्कच आहे.

बचत गटातल्या बायांनी मिळून गेलात तर आणखी सोपं. दोघी लेकरं धरतील, दोघी मांडवात बोलतील, मग पाळी बदलायची. घरी आल्यावर लेकरांपुढं मूठ-मूठ बी ठेवा: मूग, उडीद, तूर, करडई, जवस. कोणतं बी कशाचं, ते ओळखायला लावा. चुकलं तर हसू नका, पुन्हा विचारा.

मी घरी आल्यावर आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नातीला जवळ ओढून म्हणाल्या, "ते तीन रंग कोणते म्हणलीस? सांग बरं मला." पोरीनं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या माहेरच्या गोठ्यात वानेरा होता की! मला ठाऊक होतं. कुणी इचारलंच नाही."

आता येत्या दसऱ्याला आत्याबाईही आमच्यासोबत यायचं म्हणतात. तुमच्या घरातही अशी एखादी आत्याबाई असेल, तिला विचारा. आणि वहीवर नाव लिहायची वेळ आली, तर पहिलं नाव तिचं सांगा.