रसायनसंवेदीकरण (कर्करोग)

रसायनसंवेदीकरण म्हणजे कर्करोगाच्या पेशी रसायनोपचारातील एखाद्या औषधाला अधिक संवेदनशील व्हाव्यात म्हणून त्या औषधासोबत दुसरे द्रव्य देण्याची पद्धत होय. इंग्रजीत तिला केमोसेन्सिटायझेशन म्हणतात व अशा द्रव्याला संवेदक म्हटले जाते. काटेकोर अर्थाने संवेदक स्वतः कर्करोगपेशी मारत नाही, किंवा फारच थोड्या मारतो. तो मुख्य औषधाचा परिणाम वाढवतो. दोन परिणामकारक औषधे एकत्र देण्याच्या संयुक्त उपचाराहून ही पद्धत वेगळी मानतात, तरी व्यवहारात ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहत नाही.

रसायनोपचाराची मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथील वेगाने विभाजित होणाऱ्या निरोगी पेशीही या औषधांच्या तडाख्यात सापडतात. शिवाय पहिल्या उपचाराने आकसलेली गाठ काही काळाने परत वाढते, तेव्हा ती अनेकदा त्याच औषधाला दाद देत नाही. मात्रा न वाढवता परिणाम वाढवणे हा यावर शोधला गेलेला एक मार्ग आहे.

औषधरोध आणि पी-ग्लायकोप्रोटीन

१९७६ मध्ये रुडॉल्फ जुलियानो व व्हिक्टर लिंग यांनी कॉल्चिसिनला रोध करणाऱ्या चिनी हॅमस्टरच्या पेशींच्या पटलावर एक मोठे प्रथिन असल्याचे दाखवले. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव मिळाले. मानवात त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. हे प्रथिन एटीपीची ऊर्जा वापरून पेशीत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकते. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन, तसेच डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल आणि इटोपोसाइड ही रचनेने परस्परांहून भिन्न असलेली औषधे हा एकच पंप ओळखतो. त्यामुळे एका औषधाला रोध निर्माण झाला की पेशी कधी न दिलेल्या औषधालाही जुमानत नाही. यास बहुऔषधरोध म्हणतात.

१९८१ मध्ये जपानमधील ताकाशी त्सुरुओ व सहकाऱ्यांनी हृदयविकारावरील व्हेरापामिल हे औषध वापरून उंदराच्या रक्तकर्करोगपेशींमधील व्हिन्क्रिस्टीनरोध मोडून काढला. पंप अडवला की औषध पेशीत साठते, ही कल्पना आकर्षक होती. मात्र पंप अडवण्याइतके व्हेरापामिल रुग्णाला दिल्यास रक्तदाब घसरतो व हृदयाचे ठोके बिघडतात.

पुढच्या पिढीतील व्हाल्स्पोडार हा संवेदक सायक्लोस्पोरिनच्या कुळातील असून तो प्रतिकारशक्ती दाबत नाही. त्याची अडचण निराळी होती. तो यकृतातील औषधे निकामी करणाऱ्या विकरालाही अडवत असे, त्यामुळे मूळ औषध रक्तात अधिक काळ टिके आणि त्याची मात्रा कमी करावी लागे. ही घट प्रत्येक रुग्णाला सारखी लागू पडत नसल्याने काहींना औषध कमी, तर काहींना जास्त मिळाले. तिसऱ्या पिढीतील टॅरिक्विडार व झोसुक्विडार ही द्रव्ये नेमकेपणाने पंपावरच काम करतात. तरीही फुप्फुसाच्या कर्करोगावरील टॅरिक्विडारच्या मोठ्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या, आणि साठीपुढील तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या रुग्णांत झोसुक्विडारमुळे आयुर्मान वाढले नसल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सायक्लोस्पोरिनला मात्र २००१ च्या एका अमेरिकी चाचणीत याच रोगाच्या अधिक जोखमीच्या रुग्णांत यश आले होते. त्या गटात रक्तातील डॉनोरुबिसिनची पातळीही जास्त आढळल्याने ते श्रेय पंप अडवण्याचे की नकळत वाढलेल्या मात्रेचे, हे सांगणे कठीण आहे.

हा पंप केवळ कर्करोगाची मिरासदारी नाही. आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो विषारी द्रव्ये दूर ठेवण्याचे काम करतो. १९९४ मध्ये ॲमस्टरडॅम येथे हे जनुक निकामी केलेले उंदीर आयव्हरमेक्टिन या कीटकनाशकाला सुमारे १०० पट अधिक बळी पडत असल्याचे आढळले, कारण औषध थेट मेंदूत पोहोचत होते. सर्व ठिकाणचा पंप एकाच वेळी बंद करण्यातील धोका यावरून लक्षात येतो.

फॉलिनिक आम्ल

सर्वाधिक रुळलेला संवेदक पंपाशी संबंधित नाही. १९५७ मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांनी पुढे आणलेले फ्लुओरोयुरॅसिल हे औषध थायमिडिलेट सिंथेज या विकराला अडवून पेशीचा डीएनएसाठी लागणारा थायमिडीनचा पुरवठा तोडते. औषध, विकर आणि शरीरातील एक फोलेट अशी तिहेरी जुळणी झाली तरच ही पकड घट्ट बसते. बाहेरून फॉलिनिक आम्ल दिल्यास त्या फोलेटचा साठा वाढतो. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावरील चाचण्यांच्या १९९२ च्या एकत्रित विश्लेषणात केवळ फ्लुओरोयुरॅसिलने ११ टक्के, तर जोडीने २३ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. आयुर्मानात मात्र तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. २००४ च्या विस्तारित विश्लेषणात तो थोडा दिसला. हेच फॉलिनिक आम्ल मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर निरोगी पेशी वाचवण्यासाठीही देतात. तेथे त्याचे काम नेमके उलट असते.

इतर मार्ग

मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमावरील टेमोझोलोमाइडने डीएनएला केलेली इजा एमजीएमटी हे प्रथिन दुरुस्त करते. गाठीत हे जनुक निसर्गतःच मिटलेले असल्यास औषधाचा लाभ अधिक होतो, असे २००५ मध्ये दिसून आले. औषधाने तोच परिणाम साधण्याचा बेंझिलग्वानिनचा प्रयत्न मुख्यतः अस्थिमज्जेला झेपला नाही. पेशीचा नियोजित मृत्यू रोखणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनाला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स अधिक यशस्वी ठरले. तीव्र उपचार न झेपणाऱ्या मायलॉइड रक्तकर्करोगाच्या रुग्णांत ॲझासिटिडीनसोबत ते दिल्यावर मध्यक आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात, व्हेनेटोक्लॅक्स स्वतःही कर्करोगपेशी मारते, त्यामुळे त्याला निव्वळ संवेदक म्हणणे वादाचे आहे.

हळदीतील कर्क्युमिनचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो. काचपात्रातील पेशींवर त्याचा असा परिणाम दिसतो. परंतु तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प प्रमाणात पोहोचते. रसायनोपचार चालू असताना अशी पूरके स्वतःहून घेतल्यास मुख्य औषधाची रक्तातील पातळी बदलू शकते, म्हणून ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.