बंदुकीआधी चालतो तो कागद

वेब सिरीजमध्ये बंदूक टेबलावरून सरकते आणि पाच सेकंदांत दुसऱ्याची होते. अकोल्यातल्या माझ्या दुकानात त्याच कामाला कधी कधी पाच महिने लागतात. मी परवानाधारक शस्त्रविक्रेता आहे. माझ्याकडे बंदुका कमी आणि रजिस्टरं जास्त. ही रजिस्टरं का भरावी लागतात हे शोधायला गेलो, तर थेट १८५७ पर्यंत जावं लागलं.

वऱ्हाडाला शस्त्रं नवी नाहीत. नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ तुम्ही पाहिली असेल. तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. पुढे १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला. मुलूख निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही जागा. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. वेगळा हुकूम काढून ते लावावे लागत.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने लोकांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. त्याला पक्कं रूप आलं ते १८७८ च्या हत्यार कायद्याने. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. त्याच वर्षी त्यांनी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधनं घालणारा कायदाही आणला होता. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला. हत्यारांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं टिकला.

या कायद्यात बंदूक बाळगायला परवाना, विकायला परवाना, आणायला-न्यायलाही परवाना होता. पण युरोपियनांना यातून सूट होती. म्हणजे एकाच गावात गोऱ्या साहेबाच्या खांद्यावरची बंदूक बिनकागदाची चालायची आणि पाटलाच्या खांद्यावरची गुन्हा ठरायची. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. पहिल्या महायुद्धानंतर नियमांमधला हा वर्णभेद काढला गेला, पण परवाना देणारा हात तोच राहिला.

मग स्वातंत्र्य आलं. शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क करायचा का, हा प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत आला. तो मांडला ह. वि. कामत यांनी, आणि ते सभेत होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे प्रतिनिधी म्हणून. १९३१ च्या कराची ठरावाशी जोडलेल्या हक्कांच्या यादीत काँग्रेसने हा हक्क मान्य केला होता, याची त्यांनी आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांचं उत्तर सरळ होतं. परकं सरकार गेलं, तेव्हा परिस्थिती बदलली. कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्य चालणार कसं? कामतांची सूचना फेटाळली गेली.

मी रोज या वादाच्या मधोमध बसतो. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यामागचा विचार असा, की जुना कायदा सगळ्या देशाला निःशस्त्र करायला केला होता. नव्याने गुन्हेगाराला रोखावं आणि सरळमार्गी नागरिकाला परवाना मिळावा. कागदावर हा फरक फार मोठा आहे. प्रत्यक्षात तो किती उतरतो, ते बंदूक एका घरातून दुसऱ्या घरात जाताना कळतं.

समजा, तुमच्याकडे परवान्याची बंदूक आहे आणि ती तुम्हाला ओळखीतल्या परवानाधारकाला विकायची आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. माझ्याकडून घेतलीत, तर आधी तुमचा परवाना तपासणार, मग नंबर आणि बोर तुमच्या परवान्यावर आणि माझ्या रजिस्टरमध्ये चढवणार. काडतुसंही परवान्यावर लिहिली असतील तेवढीच. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. तेव्हा तिसरी कुठे द्यायची, हे विचारायला कितीतरी लोक आले.

त्यात आमच्या भागाची आणखी एक गंमत. अमरावती शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. अकोल्यात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. त्यांनी नाकारला तर अपील अमरावतीला, विभागीय आयुक्तांकडे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून विश्वविक्रम झाला. फाइल मात्र त्या रस्त्याने तिच्याच चालीने जाते.

याची खरी झळ शेतकऱ्याला लागते. अकोटकडच्या एखाद्या घरात म्हातारा जातो आणि कोपऱ्यात त्याची बारा बोर राहते. परवाना त्याच्याबरोबर संपला. आता ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा. ठाण्यात किंवा माझ्यासारख्या विक्रेत्याकडे जमा करायची. मुलाला ती हवी, तर त्याने स्वतःचा परवाना काढायचा. नरनाळा, काटेपूर्णा किंवा मेळघाटातल्या अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत घर असेल, तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांचीही आधी संमती लागते. आणि परवाना मिळाला तरी रानडुकरावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी वेगळीच. हे सगळं समजावून झालं, की हमखास ऐकू येतं, "अन् तोवर डुकरं काय थांबतीन का जी?"

डुकरं थांबत नाहीत. तरीही मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. माझ्या कपाटातली प्रत्येक बंदूक कुठून आली आणि कोणाकडे जाणार, हे मी सांगू शकतो. गावठी कट्ट्याचं तसं नाही. त्याचा माग लागतो तो गुन्हा झाल्यावर. ४५ दिवसांची वाट घरातल्या बायकामुलांना आणि शेजाऱ्यालाही वाचवते, हे मला पटलेलं आहे.

पण कामतांचं म्हणणंही मी विसरू शकत नाही. परवानगी मागणारा प्रजाजन नाही, नागरिक आहे. कायदा त्याला नकाराचं कारण लेखी मागायचा आणि अपिलाचा हक्क देतो. २०१६ च्या नियमांनी तर सोपी वाटही ठेवली आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, की हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. ही वाट बहुतेकांना माहीतच नसते. तुमच्या घरात आजोबांची बंदूक असेल, तर त्यांचा परवाना आजच काढून बघा, मुदत वाचा, आणि ते बसलेले असतानाच अर्ज करा.